शंका आली की स्टे बदलायचा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान बॉयलरचे मिस्त्री आहेत, आणि त्यांच्याइतका हट्टी माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी त्यांना भाऊजी म्हणते, शेडमधले सगळे मिस्त्री म्हणतात आणि ताई काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा पाय मुरगळलेला असताना डॉक्टरांनी आठवडाभर पडून राहायला सांगितलं, तर हे दुसऱ्या दिवशी काठी टेकत कामावर हजर. वर डॉक्टरांनाच नावं ठेवत होते, की त्याला पायातलं काय कळतं.

आमची शेड म्हणजे यार्डाच्या टोकाला उभी असलेली पत्र्याची लांबलचक इमारत. वाफेची इंजिनं बंद झाली तेव्हा ती ओस पडली. पुढे एका हौशी मंडळाने ती भाड्याने घेतली आणि तिथे जुनी इंजिनं पुन्हा चालती करायचं काम सुरू झालं. चालतं म्हणजे रडतखडत चालतं. सुटे भाग कुठे विकत मिळत नाहीत. नकाशे निम्मे उंदरांनी खाल्ले. ज्यांना हे काम येत होतं ती माणसं एकेक करून गेली, आणि जी राहिली त्यांचे गुडघे गेले. जो भाग हवा तो आपणच घडवायचा. मी लेथ चालवते, त्यामुळे घडवायची बरीचशी कटकट माझ्याच गळ्यात पडते. ही नोकरीसुद्धा भाऊजींनीच लावून दिली. मी शिवणयंत्राचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते, तो बंद पडला, तेव्हा त्यांनी मला इथे आणून लेथसमोर उभं केलं आणि मुकादमाला सांगितलं, "हिची जीभ तिखट आहे, पण हात सरळ आहे."

ज्या इंजिनाची ही गोष्ट, ते आमच्याकडे आलं एका बागेतून. कित्येक वर्षं ते तिथे चौथऱ्यावर उभं होतं. मुलं त्याच्यावर चढायची, जोडपी त्याच्या अंगावर आपापली नावं कोरायची आणि माळी दर वर्षी आदल्या रंगावरच नवा रंग फासायचे. आम्ही तो खरवडायला घेतला तेव्हा पापुद्र्यावर पापुद्रे निघत राहिले, लोखंड काही दिसेना. चिमणीत पाखरांची घरटी होती. फायरबॉक्समध्ये, म्हणजे जिथे कोळसा जळतो त्या लोखंडी खोलीत, आइस्क्रीमच्या काड्या आणि कुणाची तरी एकच चप्पल. पितळेचं म्हणून जे काही होतं ते कधीच चोरांनी नेलेलं.

बागेच्या कमिटीशी आमचा करार होता. नव्या हंगामापर्यंत इंजिन वाफेवर चालवून दाखवायचं, नाहीतर ते परत बागेत. चौथरा त्यांनी पाडला नव्हता. मुकादम एकदा मुद्दाम जाऊन बघून आला आणि म्हणाला, "झाडून-पुसून ठेवलाय हो." ते ऐकून शेडमधला एकही माणूस हसला नाही. यंदा परत गेलं तर ते पुन्हा कुणी उघडणार नव्हतं, एवढं सगळ्यांना कळत होतं.

आता स्टे म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. फायरबॉक्सभोवती बाहेरून आणखी एक पोलादी पेटी असते आणि दोघींच्या मध्ये पाणी. पाण्याची वाफ झाली की ती दोन्ही भिंतींना रेटते. भिंतींनी एकमेकींना सोडू नये म्हणून त्यांच्यामध्ये बोटाएवढ्या जाडीच्या सळ्या आटे पाडून बसवलेल्या असतात. त्या सळ्या म्हणजे स्टे. एकेका भिंतीत शेकड्यांनी असतात. एखादा तुटला तर शेजारचे त्याचा भार घेतात. पण लागोपाठ चार-सहा तुटले की भिंत फुगते, आणि ती फाटली तर फुटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हरच्या जागेवर, उभा असलेला माणूस सांगायला उरत नाही.

स्टे तुटतो तो आत, पाण्यातल्या बाजूला. बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येक स्टेच्या बाहेरच्या टोकाला मधोमध एक बारीक भोक असतं. स्टे पुरता तुटला की त्या भोकातून पाणी येतं. आम्ही त्याला चुगलीचं भोक म्हणतो. बागेतल्या माळ्यांनी ही सगळी भोकं लांबी भरून बुजवून टाकली होती, गांधीलमाशा घरं करतात म्हणून. ती उकरण्यातच आमचे कित्येक दिवस गेले. आणि ती मोकळी झाली तरी चुगली ऐकायला येते ती पुरत्या तुटलेल्याची. अर्धवट चिरलेला स्टे थंड पाण्यात अगदी शहाण्यासारखा वागतो आणि इंजिन तापलं की दगा देतो. तो ओळखायचा एकच मार्ग आहे. फायरबॉक्समध्ये शिरायचं, एकेका स्टेवर हातोडी मारायची आणि ऐकायचं. धड स्टे खणकन वाजतो. चिरलेला बद्द. माठ विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच.

आमच्याकडे हे ऐकणारा माणूस एकच होता. भाऊजी.

ते मिसरूड फुटायच्या आत बॉयलरमध्ये शिरलेले. अंगाने काटकुळे होते म्हणून त्यांना आत बसवायचे. बाहेरून दोघेजण रिव्हेट ठोकायचे आणि आतून यांनी रिव्हेटच्या पाठीशी लोखंडाचा ठोकळा धरायचा. बंद लोखंडी पिंपात बसलंय आणि बाहेरून घणाचे घाव पडताहेत, असं दिवसभर. कानात सुताची बोंडं कोंबायची, हाच काय तो बंदोबस्त. शेड बंद झाली तेव्हा ते एका लाँड्रीच्या बॉयलरवर गेले, मग एका तेलाच्या कारखान्यात. तिथे त्यांचं मन कधी रमलं नाही. मंडळाने शेड पुन्हा उघडली तेव्हा त्यांना कुणी बोलवायला गेलंच नाही; हे आपणहून दारात येऊन उभे, हातात डबा आणि हातोडी.

तर त्या दिवशी आम्ही स्टे तपासत होतो. भाऊजी फायरबॉक्सच्या आत, मी बाहेर. एकट्याने ठोकण्यापेक्षा दोघांनी ठोकलेलं बरं, कारण बाहेरच्याने स्टेच्या टोकावर तळहात धरला की धड स्टेचा ठोका हाताला चावतो. ते आतून ठोकायचे, "चांगला" किंवा "बाद" ओरडायचे, आणि मी बाहेर खडूने खूण करायची. सकाळभर सुरळीत चाललं. मग खालच्या कोपऱ्यात एक असा आला की माझ्या हाताला काहीच लागलं नाही. नुसतं बद्द झालं.

"चांगला!" आतून आवाज आला.

मला वाटलं, माझाच हात बधिर झाला असेल. हात झटकला, पुढच्यावर धरला. तोही बद्द.

"चांगला!"

मी उठून फायरबॉक्सच्या दाराशी गेले. आत बॅटरीच्या उजेडात ते पाठमोरे बसले होते. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "भाऊजी, तो शेवटचा परत ठोका बरं." हालचाल नाही. पुन्हा म्हटलं. नाही. मी बॅटरी हलवली, तेव्हा सावली सरकलेली बघून ते वळले.

"काय गं धाकटे?"

मी बोटाने स्टे दाखवला. त्यांनी ठोकला. चिरलेल्या माठासारखा वाजला, बहिऱ्यालाही कळावं असा, असं मी लिहिणार होते. पण नेमकं तेच तर खोटं होतं. ठोकून झाल्यावर ते स्टेकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या कपाळावर आठी दिसली असावी.

"बाद," ते म्हणाले.

 सकाळपासून ज्यांच्यापुढे मी 'चांगला' अशी खूण करत आले होते, ते सगळे स्टे त्यांनी ऐकून नव्हे, अंदाजाने पास केले होते. मी खडू खिशात टाकला आणि डोकं दुखतंय असं मुकादमाला सांगून काम थांबवलं. भाऊजींना काय झालं ते बरोबर कळलं होतं. बाहेर येऊन त्यांनी हात धुतले आणि माझ्याकडे न बघता डबा उचलून निघून गेले.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी खाली, ते वर. संध्याकाळी मी वर गेले. ताई भाजी निवडत होती. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "कळलं वाटतं तुला?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माझ्याच घरात राहतात ते. मला नाही कळणार तर कुणाला?"

मग तिने सांगितलं. गेली दोन-तीन वर्षं ती त्यांच्याशी कधी पाठ करून बोलत नाही. तोंड दिसेल अशी समोर बसते. दाराची बेल वाजली की आपणच उठते. कुणी आलं तर बोलण्याचा विषय ओघातच दोनदा सांगते. हे सगळं तिने इतकं बेमालूम केलं होतं, की रोज त्यांच्याबरोबर काम करूनही मला पत्ता नव्हता. मी भडकले. तिला म्हटलं, "अगं, त्या फुटप्लेटवर माणसं उभी राहणार आहेत!"

"माहीत आहे." तिने भाजीची जुडी बाजूला ठेवली. "पण हे बाहेर पडलं की ते इंजिन चाललं बागेत. आणि इंजिन बागेत गेलं की हे घरात. मग त्यांना सांभाळायला तू येणार का?"

आतल्या खोलीतून भाऊजी बाहेर आले. त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नसणार, पण आम्हा दोघींची तोंडं बघून विषय कळायला कान लागत नाहीत. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "बॉयलरच्या इन्स्पेक्टरसाहेबांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"मला थोडे दिवस दे," ते म्हणाले.

"कशाला?"

"ऐकायला कानच लागतात असं कोण म्हणालं?"

मला वाटलं, वय झालं, भ्रमिष्ट झाले. पण दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ते मला शेडच्या मागे घेऊन गेले. तिथे एका मोडीत काढलेल्या फायरबॉक्सची एक भिंत पडून होती, स्टेसकट. त्यांनी ती टेकवून उभी केली आणि मला करवत दिली. "मागच्या बाजूने वाटेल ते स्टे काप. काही पुरते, काही अर्धे. मला सांगू नकोस."

मी कापले. मग ते पुढच्या बाजूला बसले, खिशातून लाकडाची एक दांडी काढली, तिचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं स्टेवर टेकवून हातोडी मारली. आवाज कानाने येत नसेल तर दातांतून हाडांत उतरेल, असा त्यांचा हिशोब. पहिल्याच ठोक्याला त्यांची कवळी निसटून मांडीवर पडली. मला हसू आवरेना. त्यांनी शांतपणे कवळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, मागे उरलेल्या चार खऱ्या दाढांत दांडी अडकवली आणि पुन्हा ठोकलं.

पहिल्या दिवशी निम्मे चुकले. मी म्हटलं, सोडा. त्यांनी ओठ वाचले नाहीत, किंवा वाचूनही न वाचल्यासारखं केलं. रोज काम सुटलं की हा उद्योग. मी नवे स्टे घालायचे, कापायचे, ते ठोकायचे. जबडा सुजला. ताई त्यांना पातळ काहीतरी करून घालायची आणि माझ्या नावाने खडे फोडायची, जणू दांडी मीच त्यांच्या तोंडात दिली होती. पण गंमत म्हणजे ते खरंच सुधारत गेले. तुटलेला तर ते चटकन ओळखायला लागले. अर्धा चिरलेलाही पुष्कळदा पकडायचे. मी रात्री अंथरुणावर पडून स्वतःशी म्हणायचे, हा माणूस हे करून दाखवणार.

मग एक दिवस त्यांनी अख्खी भिंत ठोकली. शेवटच्या ओळीपर्यंत. मी मागून पडताळत गेले आणि माझा आनंद वाढत गेला. सगळे बरोबर. फक्त एक अर्धवट कापलेला त्यांनी 'चांगला' म्हटला होता.

मी पुढे जाऊन त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "एकच तर चुकला! अहो, धडधाकट कानाचा माणूससुद्धा एखादा चुकतो."

"कुठला?"

मी दाखवला. त्यांनी दांडी लावून तो पुन्हा ठोकला. पुन्हा. मग दांडी तोंडातून काढली.

"शंका आली असती तर चाललं असतं," ते म्हणाले. "शंका आली की स्टे बदलायचा, आपण मोकळे. पण मला शंका आली नाही धाकटे. मला खात्री होती."

मी काहीबाही समजूत घालायला लागले. म्हटलं, अजून थोडा सराव करू, अजून हंगामाला अवकाश आहे. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्यापेक्षा माझाच धीर सुटला होता. मला ते इंजिन हवं होतं आणि हा माणूसही हवा होता. त्यांनी माझं बोलणं संपू दिलं, दांडी कोपऱ्यातल्या भंगारात फेकली आणि कवळी बसवून घरी गेले.

पुढच्या आठवड्यात बॉयलरचे इन्स्पेक्टर पाहणीला आले. मितभाषी गृहस्थ, हातात नेहमी बॅटरी, आणि शेडमध्ये शिरताना दाराशी बूट झटकणारे. मुकादम त्यांना फायरबॉक्सपाशी घेऊन आला. चार-पाच फिटर, वेल्डर, मी, सगळे उभे होतो. साहेबांनी विचारलं, "स्टे कुणी तपासले?"

"मी," भाऊजी म्हणाले. "पण ते धरू नका. मला ऐकू येत नाही."

 ते ज्या आवाजात हे बोलले तो नेहमीचाच होता, म्हणजे यार्डाच्या फाटकापर्यंत जाणारा. मुकादमाने कपाळाला हात लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही. ज्या माणसाने मुरगळलेला पाय मान्य केला नव्हता, तो सगळ्यांसमोर उभा राहून हे सांगत होता. यापेक्षा अवघड काम मी त्यांना कधी करताना पाहिलं नाही.

 साहेब त्यांच्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. पण मग ठोकणार कोण? ठोकणारा नसेल तर मला सर्टिफिकेट देता येणार नाही."

भाऊजींनी वळून सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"माझं काय ते विचाराल की नाही?" मी ओरडले.

"हिचे कान शाबूत आहेत," ते साहेबांना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी मुद्दामच बघितलं नाही. "आणि हिच्या हाताला चिरलेला स्टे माझ्याआधी कळला होता. हंगामाच्या आत मी हिला तयार करतो. मग तुम्ही स्वतः शेजारी बसून बघा. नाही पटलं तर न्या ते इंजिन बागेत."

साहेब म्हणाले, "बघतो. मी बसेन."

त्यानंतरचे आठवडे मला आठवले तरी अंगावर काटा येतो. तीच मोडीतली भिंत. आता करवत त्यांच्या हातात आणि हातोडी माझ्या. त्यांच्या सरावात मी जेवढी दया दाखवली होती तेवढी त्यांच्या अंगात नव्हतीच. मला वाटायचं स्टे एक तर वाजतो नाहीतर वाजत नाही. पण तसं नसतं. कडेचा स्टे मधल्यापेक्षा वेगळा वाजतो. आखूड वेगळा, लांब वेगळा. क्षार चढलेला धड असूनही मंद वाजतो, आणि काही चिरलेले असे पक्के बदमाश असतात की पहिल्या ठोक्याला खणकन बोलतात आणि दुसऱ्याला गप्प. भाऊजींना यातला एकही आवाज आता ऐकू येत नव्हता. ते फक्त माझा चेहरा बघायचे.

"आठी पडली. मग चांगला का म्हणालीस?"

"मला वाटलं..."

"वाटलं कुणाला? तुला की तुझ्या कंटाळ्याला?"

एकदा चिडून मी हातोडी फेकली आणि म्हटलं, मी लेथवाली आहे, मला माझ्या लेथवर जाऊ द्या. ते उठले, हातोडी उचलून आणली, दांडा आपल्या सदऱ्याला पुसला आणि माझ्यासमोर धरली.  मी घेतली. न घेऊन काय करणार?

साहेब आले त्या दिवशी मी पहिल्यांदा खऱ्या फायरबॉक्समध्ये शिरले. त्याचं दार काटकुळ्या माणसांसाठी केलेलं आहे आणि मी काटकुळी नाही. वेल्डरने पाय धरून ढकललं, तेव्हा कुठे आत पडले. साहेब माझ्यामागून सहज आले, याचाही मला राग आला. आत काळोख, काजळीचा वास आणि चारी बाजूंनी स्टेच स्टे. मी ठोकायला लागले. चांगला. चांगला. बाद. साहेब आपल्या कागदावर खुणा करत होते.

मागच्या भिंतीत वरच्या ओळीत एक स्टे असा आला की मी अडले. वाजत होता, पण शेजारच्यांसारखा नाही. पुन्हा ठोकला. क्षार असेल? चीर असेल? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भाऊजी, हा कसा वाटतो?" आणि मग मीच चपापले. ते बाहेर होते, हातभर अंतरावर, आणि त्यांना माझा आवाजही ऐकू येत नव्हता, स्टेचाही नाही. साहेबांकडे बघितलं; ते कागदाकडे बघत होते. विचारायला कुणीच नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस या काळोखात एकटा बसून हे ठरवत आला होता, आणि घरी गेल्यावर जेवताना कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मी फुली मारली. बाद.

बाद झालेले सगळे स्टे काढायचे आणि नवे घालायचे, म्हणजे पुन्हा माझ्याच डोक्याला ताप. जुनी भोकं झिजून एकेक वेगळ्याच मापाचं झालेलं असतं. शिंपी गिऱ्हाईकाचं माप घेतो तसं प्रत्येक भोकाचं माप घेऊन मी लेथवर एकेक स्टे आटे पाडून काढला. तो अडलेला स्टे काढला तेव्हा मी धावत बघायला गेले. धड होता. अगदी ठणठणीत, एक ओरखडाही नाही. मी ओशाळले. भाऊजींनी तो हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"शंका आली होती ना?"

मी मान हलवली.

"मग झालं तर," म्हणून त्यांनी तो भंगारात टाकला.

साहेबांनी ठोकणं मान्य केलं. थंड पाण्याच्या दाबाची परीक्षा पार पडली, चुगलीची भोकं कोरडी राहिली. उरली ती वाफेची परीक्षा. तिचा आमच्या धंद्यात एक जुना दंडक आहे. पहिल्यांदा पुरा दाब चढवताना सगळ्यांनी दूर दोरीपलीकडे जायचं. इंजिनावर ड्रायव्हर थांबतो, आणि ज्याने स्टे पास केले तो थांबतो, फायरबॉक्सकडे पाठ करून. तूच म्हणालास ना चांगले आहेत? मग तूच उभा राहा. भाऊजी प्रत्येक इंजिनाला असेच उभे राहिले होते, आणि ताई प्रत्येक वेळी त्या दिवशी देवाला साकडं घालून बसायची.

आता तिथे मला उभं राहायचं होतं. पहाटे विस्तव टाकला, दुपारपर्यंत दाब चढत आला. सगळे दोरीपलीकडे गेले. ताई तिथे दोरीला धरून उभी होती. मी फुटप्लेटवर चढले. माझी पाचावर धारण बसली होती, हे कबूल करायला मला लाज नाही. पाठीमागे ते लोखंड धग फेकत होतं आणि आत कुठेतरी काहीतरी टिकटिक करत होतं. प्रत्येक टिकटिकीला मला वाटायचं, हा तोच, मी चांगला म्हणालेला.

तेवढ्यात पायरीवर बूट वाजले. भाऊजी वर आले आणि माझ्या शेजारी फायरबॉक्सकडे पाठ करून उभे राहिले.

"तुमचं इथे काय काम?" मी त्यांच्यासमोर तोंड करून म्हटलं. "तुम्ही पास केलेले नाहीत. खाली जा. ताई बघतेय."

ते हलले नाहीत. काटा लाल रेघेकडे सरकत होता. ड्रायव्हर काट्यावर नजर ठेवून होता. मी पुन्हा म्हटलं, "भाऊजी, जा ना खाली. दोघं कशाला?"

काटा रेघेवर पोहोचला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. वाफेचा असा लोट उसळला की दोरीपलीकडच्यांनी कान झाकले. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा भाऊजी बॅटरी घेऊन खाली वाकले होते आणि चुगलीची भोकं एकेक करून बघत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी कोरडी. घाई नाही, गडबड नाही. मग सरळ झाले, बॅटरी विझवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मी ठोकलेले असते तर तुला इथे पाऊल ठेवू दिलं नसतं," ते म्हणाले. "तू ठोकलेस, म्हणून मी वर आलो."